खालची अर्धी रेघ

दरवर्षी नवी तुकडी येते आणि दरवर्षी तिसऱ्या-चौथ्या तासाला कुणीतरी आगाऊ पोरगी हात वर करते. "मॅडम, 'वळण' भाषेतलं हे चिन्ह छापताना चुकलंय का? वरची रेघ पूर्ण आहे आणि खालची अर्धीच." मागची बाकं खिदळतात. मी म्हणते, चुकलेलं नाही, ते तसंच आहे, आणि पुढचं पान काढायला लावते. तास पन्नास मिनिटांचा असतो. तेवढ्यात दिलावरचाचा सांगून होत नाहीत.

आता माझ्या निवृत्तीला चार महिने उरलेत आणि चाचांना जाऊन बारा वर्षं झाली. माझ्या तोंडाला तसंही कुणी लागत नाही, तेव्हा एकदा नीट सांगून टाकते.

आमचं घर मिरजेत, वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. वडिलांचं भुसार मालाचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून दिलावरचाचांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर एक लांबट खोली, आढ्याला टांगलेले वाळके भोपळे, खाली लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा तो वास. अजूनही एखाद्या फर्निचरच्या दुकानाजवळ तो वास आला की मी खुळ्यासारखी फुटपाथवर उभी राहते. चाचांची मुलगी मेहरू माझ्याच वयाची. शाळा सुटली की आम्ही दोघी तिथं भुशात फतकल मारून बसायचो आणि चाचा तंबोऱ्याची जवारी काढायचे.

जवारी म्हणजे काय, हे हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक रुंद, बुटकी घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. ही घोडी वरून सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला केसाएवढा उतार असतो, तो कानशीनं घडवणं म्हणजे जवारी काढणं. तार छेडली की ती त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्यातून तो गुंजणारा, भरलेला आवाज निघतो. उतार जरा कमी-जास्त झाला की संपलं. म्हणून चाचा कानस दोनदा फिरवायचे, तारा चढवायचे, छेडायचे, मान तिरकी करून ऐकायचे, तारा उतरवायचे आणि पुन्हा दोनदा कानस फिरवायचे. अख्खी दुपार हेच.

"चाचा, झालं की आता!" मी कंटाळून म्हणायची.

"होतंय, होतंय. तुला कुठं गाडी पकडायची आहे, पद्मे?"

त्या दुपारी मला परत हव्यात. बाकी आयुष्यातलं मला काही फारसं परत नकोय, पण त्या हव्यात.

मी तारा सोडून कॉम्प्युटरकडं गेले. पुण्यात शिकले आणि सांगलीत एका प्रयोगशाळेत लागले. तिथं आम्ही थरथरणाऱ्या हातांसाठी मोजा बनवत होतो आणि त्या मोज्यासाठी प्रोग्रामिंगची नवी भाषा. तिचं 'वळण' हे नाव मीच दिलेलं. कंपवाताच्या माणसाच्या मज्जातंतूंतून दोन संदेश एकदम येतात. एक त्याच्या मनातला, कप उचल, कानस फिरव, असा. तो सावकाश असतो. दुसरा नुसता थरकाप, सेकंदाला पाच-सहा ठोक्यांचा. मोज्यातले सेन्सर कोपराखाली दोन्ही टिपायचे, वेगळे करायचे, आणि थरकापाच्या बरोबर उलट दिशेनं बारीक कृत्रिम स्नायू ओढ द्यायचे. थरकाप मिटायचा आणि मनातलं तेवढं उरायचं.

पण हातानं काय करायचं, हे भाषेत लिहायचं कसं? जगातल्या बहुतेक प्रोग्रामिंगच्या भाषांत एक बरोबरचं चिन्ह असतं, त्याला असाइनमेंट ऑपरेटर म्हणतात. 'दाब = ५' असं लिहिलं की दाब नावाच्या डब्यात पाच जातात आणि आधी जे होतं ते नाहीसं होतं. परीक्षेचे गुण भरायला हे ठीक आहे. हाताचा दाब दोनावरून एकदम पाचावर गेला तर मात्र कप फुटतो. म्हणून मी नवी चिन्हं घडवायला बसले. पहिलं 'सरक', म्हणजे मूल्य बदलायचं, पण मधल्या सगळ्या पायऱ्यांवरून जाऊन. दुसरं 'सुधार', माझं लाडकं. मोजा प्रत्येक हालचालीत जरासा फरक करून बघायचा. परिणाम जास्त चांगला निघाला की नवं मूल्य घ्यायचा आणि जुनं पुसायचा.

"जुनं कुठंतरी साठवून ठेवूया का?" बैठकीत एकानं विचारलं होतं. मी त्याला उडवून लावलं. माझ्या आईनं जॅमच्या रिकाम्या बाटल्या आणि मिठाईच्या खोक्यांच्या रिबिनी साठवून साठवून माझं डोकं उठवलं होतं. जुनं कशाला पाहिजे? चांगलं मिळालं की कमअस्सल फेका. त्या चिन्हाला बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला आणि मला स्वर्ग दोन बोटं उरला.

त्याच वर्षी मेहरूचा फोन आला. "पद्मी, अब्बांचा हात हलतोय. कानस धरवत नाही. तीन महिने झाले, कारखान्यात नुसते बसून असतात बघ."

मी मोजा घेऊन मिरजेला गेले. चाचा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. उजवा हात मांडीवर आणि त्याच्यावर डावा दाबून धरलेला. मी मोजा चढवला, पट्टे आवळले, बटण दाबलं. हात थांबला. चाचांनी पंजा डोळ्यांसमोर धरला, उलटसुलट करून बघितला आणि ढसाढसा रडले. मीही रडले. मेहरू तेवढी कोरडी राहिली. "आधी चहा टाकते," म्हणाली आणि आत जाऊन एकटीच रडून आली.

नुसता थरकाप थांबवून माझं समाधान होईना. मी मोज्याला कानही दिला. म्हणजे एक छोटा मायक्रोफोन लावला, तंबोऱ्याचा आवाज किती भरीव आहे आणि किती टिकतो ते मोजणारा. चाचा कानस फिरवायचे, मोजा दाब, कोन, किती फेऱ्या यांत केसभर फरक करायचा, आणि आवाज वाढला की लगेच 'सुधार'. चाचांचे तंबोरे असे काही वाजायला लागले की गल्लीतून जाणारी माणसं सायकलवरून उतरायची.

"आवाज पहिल्याच दिवशी सगळा आला की गं," चाचा एकदा म्हणाले.

"चांगलंच की, चाचा!"

मेहरू दारात उभी होती. कारखान्याचे फोन, ऑर्डरी, पार्सलं सगळं तीच बघायची. "पद्मी, हे जरा जास्त होतंय," ती म्हणाली. मी तिला स्क्रीनवरचा आलेख दाखवला. आलेख नुसता वर वर चालला होता. "यात जास्त काय आहे सांग," मी म्हणाले. तिनं आलेखाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पार्सलवर पत्ता चिकटवायला गेली. त्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे, पण अजूनही आठवलं की पुन्हा मागावीशी वाटते.

सात-आठ महिन्यांनी धारवाडहून एका गायिकेचा फोन आला. "दिलावरभाई, तंबोरा पत्र्यासारखा वाजतोय हो." पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला. ड्रायव्हर नसलेला टेम्पो दर दोन दिवसांनी गल्लीत येऊन थांबायचा, त्याचं दार आपोआप उघडायचं आणि आत परत आलेला तंबोरा असायचा. मोजा चढवल्यापासून चाचांनी एकोणीस तंबोरे केले होते. एकोणीसच्या एकोणीस परत आले. त्याआधी पन्नास वर्षांत त्यांचा एक तंबोरा परत आला नव्हता.

चाचा कारखान्यात यायचे बंद झाले. मी घरी गेले तर खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले.

"कान गेला माझा, पद्मे. हात गेला होता तो अल्लानं तुझ्याकडून परत दिला. आता कान कुणाकडून आणू?"

"कान गेलेला नाही, चाचा. मला एवढंच सांगा, जवारी काढताना तुम्ही थांबायचा कधी?"

"कधी म्हणजे? अजून थोडी बाकी असते तेव्हा."

"बाकी असते तेव्हा?"

"मग? सगळी आपणच काढली तर गाणाऱ्यानं काय करायचं?" चाचा उठून बसले. "सहा-आठ महिने रोज वाजवलं की तारच घोडीला घासते. उरलेली जवारी ती काढते. आधीच सगळी निघालेली असली की तार पुढं घासत जाते आणि आवाज पत्र्याचा होतो. आपण राखून सोडायचं. नवा तंबोरा जरा मिटलेलाच पाहिजे. ज्याचा असतो त्याच्याकडं जाऊन तो उघडतो, मग दहा वर्षं बघायला नको." ते माझ्याकडं बघत राहिले. "मोज्याला हे ठाऊक नव्हतं होय?"

"मला ठाऊक नव्हतं, चाचा! तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"यात बोलायचं काय? गल्लीत सगळेच करतात. आवाज पहिल्या दिवशी आला तेव्हा मला वाटलं, मशीनची जवारी आहे, ही घासत नसेल. तू एवढी शिकलेली पोरगी."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. चाचा जे मुद्दाम राखत होते, ते माझ्या मोज्यानं कमतरता म्हणून धरलं. रोज थोडं थोडं ते 'सुधारलं' आणि दर वेळी आधीचं पुसून टाकलं.

"मोजा काढूया," मी म्हणाले. "हात हलला तर हलू दे. तुम्ही तुमच्या जागेवर थांबून दाखवा, मी नोंद करून घेते."

मेहरूनं एक तंबोरा आणि नव्या घोड्या आणून दिल्या. चाचांनी थरथरत कानस धरली, फिरवली, तार छेडून ऐकली, पुन्हा फिरवली. थांबायची जागा आली हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण हात तिच्यापुढं गेला. दुसरी घोडी घेतली, तसंच झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी कानस खाली ठेवली.

"थांबत नाही गं. आपला पुढंच जातो."

हे मला कळायला पाहिजे होतं. मेंदू जे रोज करतो तेच त्याच्यात पक्कं होत जातं. लकव्यानंतर माणसं पुन्हा चालायला शिकतात ती याच जोरावर. अकरा महिने मोज्यानं तो हात रोज थांबायच्या जागेपुढं ओढला होता. मोज्यातलं जुनं मूल्य माझ्या चिन्हानं पुसलं आणि मोज्यानं चाचांच्या हातातलं पुसलं. पन्नास वर्षं कमावलेली ती एक जागा आता कुठंच नव्हती, आणि ती सापडली नाही तर चाचांचा तंबोरा म्हणून जी चीज होती ती संपली.

मी आठवडाभर प्रयोगशाळेत ठाण मांडून बसले. त्या आठवड्यात ते अर्ध्या रेघेचं चिन्ह लिहिलं. 'राख' असं त्याचं नाव. मूल्य द्यायचं, पण पुरतं द्यायचं नाही. ठरावीक भाग मोकळा सोडायचा, मशीननं तिथं हात घालायचा नाही, आणि तो भाग वापरणाऱ्याच्या वापरानं भरू द्यायचा. चिन्ह उत्तम चाललं. फक्त राखायचं किती, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. ते दर घोडीला वेगळं, दर तारेला वेगळं, आणि ते चाचांच्या हातातच होतं.

जुने तंबोरे तपासून उपयोग नव्हता, कारण ते वाजवून वाजवून घासलेले. मला चाचांचा असा तंबोरा हवा होता जो कुणी वाजवलेलाच नाही. असा कुणाकडं असणार? वाजवायचा नसेल तर माणूस घेईल कशाला? आणि मग आठवलं, तसा एक माझ्याच कपाटावर होता. मी पुण्याला शिकायला निघाले तेव्हा मेहरू तो घेऊन आली होती. "तिकडं एकटी पडलीस की छेडत जा," असं म्हणाली होती. अठरा वर्षांत मी त्याची गवसणी काढली नव्हती. काढली तेव्हा तोच पॉलिशचा वास आला.

दुसऱ्या दिवशी त्याची घोडी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कानशीची एकेक रेघ काल काढल्यासारखी ताजी. ताडून बघायला माझ्याकडं एकच गोष्ट उरली होती. मोजा बसवला त्या पहिल्या दिवशीची, 'सुधार' सुरू होण्याआधीची, फक्त सात फेऱ्यांची नोंद. सात फेऱ्यांवरून हात नव्यानं घडवता येत नाही, पण दोन ओळींवरून अक्षर कुणाचं ते ओळखू येतं, तेवढं करता येतं. मशीननं ताडून सांगितलं, शंभरात शहाण्णव जुळतं. मी एकटीच मोठ्यानं ओरडले.

सकाळी दहाला कारखान्यात पोचले. चाचांना मेहरूनं बळंच आणून बसवलं होतं. भिंतीला ते एकोणीस तंबोरे टेकवलेले.

"चाचा, तुमचा हात सापडला!" मी घोडी त्यांच्या तळव्यावर ठेवली.

त्यांनी ती उजेडाकडं धरली, तिरकी केली आणि अंगठा फिरवला.

"ही माझी नव्हे."

"असं कसं? मशीन म्हणतंय..."

"मशीनला काय म्हणायचं ते म्हणू दे. तू पुण्याला गेलीस तेव्हा मला कावीळ झाली होती. दीड महिना अंथरुणाला होतो. तुझ्या तंबोऱ्याची जवारी गल्लीतल्या करीम मिस्त्रीनं काढली." त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण करीमचा हात एवढा हलका नव्हता. आणि राखलंय किती बरोबर बघ. हे कुणी..."

मेहरू पार्सलच्या टेबलाशी होती. चिकटपट्टी तोडता तोडता, मान वर न करता म्हणाली, "करीमचाचांनी नाही काढली. मी काढली."

चाचांच्या कारखान्यात एक दंडक होता, त्यांच्या वडिलांपासूनचा. बायकांनी पॉलिश करावं, तारा चढवाव्यात, नक्षी भरावी, पण कानशीला हात लावायचा नाही. मला तो लहानपणापासून माहीत होता आणि मला तो कधी खटकलाही नव्हता.

"तू?" चाचा म्हणाले.

"तुम्ही आजारी. करीमचाचा म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. पद्मीला रिकाम्या हातानं कसं जाऊ द्यायचं?"

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणी कशाला शिकवायला पाहिजे? जन्मापासून तुमच्या समोर बसलेय. पद्मी शेंगा खात बसायची, मी बघायचे."

"आणि पुढं?"

"पुढं अधूनमधून, तुम्ही जेवायला गेलात की. पुन्हा सपाट करून ठेवायचे, तुम्हाला कळू नये म्हणून."

"राखायचं किती, ते कळतं तुला?"

"कळतं की." मेहरूनं पहिल्यांदा वर बघितलं, चाचांकडं नाही, माझ्याकडं. "म्हणून तर म्हणाले होते, जास्त होतंय."

माझ्या मशीननं बापलेकीचा हात एकच म्हणून ओळखला होता. मी त्या पोरीशेजारी दहा वर्षं भुशात बसले होते, तरी मला पत्ता नव्हता.

"अठरा वर्षं बोलली नाहीस," चाचा म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता.

"बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं, अब्बा?"

चाचांनी उजवा हात मांडीवर घेतला आणि त्यावर डावा दाबला. दोन्ही हलत होते.

"कानस लपवून ठेवली असती," ते म्हणाले. "आणि ओरडलो असतो तुझ्यावर."

मेहरू रडायला लागली. या वेळी ती आत गेली नाही.

मला गप्प बसवत नव्हतं. मी लॅपटॉप उघडला. "चाचा, हे बघा, मेहरूच्या हाताची नोंद घेते, नव्या चिन्हानं मोज्यात भरते, तुम्हाला मोजा चढवते. तुम्ही पुन्हा..."

"पद्मे, मिट ते."

मी लॅपटॉप मिटला. चाचा भिंतीला धरून उठले. पहिल्या तंबोऱ्याशी गेले आणि त्याच्या तारा उतरवायला लागले. हात इतका हलत होता की खुंटी धरवेना. मेहरू मदतीला पुढं झाली.

"तू बस," ते म्हणाले.

"कुठं?"

चाचांनी हनुवटीनं आपली गादी दाखवली. मेहरू तिथं जाऊन, पदर खोचून, अवघडून बसली. चार तारा उतरवायला चाचांना पाव तास लागला. आम्ही दोघीही मध्ये पडलो नाही. मग त्यांनी घोडी काढली, तिच्यासमोर ठेवली, आणि डब्यातून कानस काढून घोडीशेजारी ठेवली.

"एकोणीस आहेत. जेवणाआधी दोन तरी होऊ देत."

ते तिच्यासमोर खाली भुशात बसले. मेहरूनं आधी घोडी सपाट केली. मग कानस दोनदा फिरवली, तारा चढवल्या, छेडल्या, मान तिरकी करून ऐकलं, तारा उतरवल्या. पुन्हा दोनदा. बाराच्या सुमाराला उन्हाची तिरीप तिच्या हातावर आली होती. आवाज भरत चालला होता, आणखी एक-दोन फेऱ्यांत पुरता भरणार हे मलासुद्धा ऐकू येत होतं. चाचांनी डोळे मिटले, पुढं वाकले, आणि 'बस' म्हणायला तोंड उघडलं.

मेहरूनं त्याआधीच कानस खाली ठेवली होती.